कारखाना, ऑफिस, रुग्णालयासाठी हरित वीज कशी घ्यायची? ठाणे–नवी मुंबईतून वारंवार येणारे प्रश्न

दिघ्यापासून नेरूळपर्यंतच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातले आणि वागळे इस्टेटमधले उद्योजक, लेखापाल, मेंटेनन्सचे साहेब गेली काही वर्षे मला हेच प्रश्न विचारत आले आहेत. प्रश्न त्यांच्याच भाषेत ठेवले आहेत. उत्तरे वाचताना आपले गेल्या बारा महिन्यांचे वीजबिल जवळ ठेवा. त्याशिवाय यातले निम्मे हाती लागणार नाही.

१. सोलापूरच्या सोलर प्लांटची वीज खरंच महाप्यातल्या आमच्या मशीनपर्यंत येते का?

नाही. तारेतून येणारी वीज सगळ्यांची मिसळलेली असते. कोळशाचा इलेक्ट्रॉन वेगळा आणि सूर्याचा वेगळा, असे काही नसते. तुम्ही विकत घेता तो हिशेब. प्लांटने दर १५ मिनिटांना ग्रिडमध्ये किती वीज टाकली आणि तुमच्या मीटरने त्याच वेळी किती ओढली, याची जुळवणी होते. ग्रिडचा दिवस अशा ९६ तुकड्यांत मोजला जातो. राज्याचे भार प्रेषण केंद्र, जिथे सगळ्या महाराष्ट्राच्या विजेचा तोल क्षणोक्षणी सांभाळला जातो, ते आपल्याच ऐरोलीत ठाणे–बेलापूर रस्त्यावर आहे. रोज त्यासमोरून जाणाऱ्या कित्येकांना हे माहीत नसते, म्हणून मुद्दाम सांगतो.

हिशेब म्हटले की तो चोख हवा. एका युनिटचा हरितपणा एकाच्याच नावावर लागला पाहिजे. पुढच्या बहुतेक उत्तरांचे मूळ यातच आहे.

२. एकूण मार्ग किती? आधी काय करायचं?

स्वतःच्या छतावर सौर पॅनेल लावणे, महावितरणकडून ग्रीन टॅरिफने वीज घेणे, ओपन ॲक्सेसने दूरच्या प्रकल्पाकडून थेट विकत घेणे, ग्रुप कॅप्टिव्ह म्हणजे प्रकल्पात भागीदार होऊन आपल्या वाट्याची वीज वापरणे, वीज बाजारातून हरित वीज घेणे, आणि शेवटी वीज न घेता नुसती हरित विजेची प्रमाणपत्रे घेणे (प्रश्न १३).

माझा क्रम ठरलेला आहे. आधी छत, मग जमत असेल तर ग्रुप कॅप्टिव्ह किंवा ओपन ॲक्सेस, उरलेल्या भागाला ग्रीन टॅरिफ, आणि प्रमाणपत्रे सगळ्यात शेवटी. बरेच जण उलटे करतात, कारण प्रमाणपत्र आठवड्यात मिळते आणि छताला सहा महिने लागतात. पण छतावरच्या पॅनेलने बिल पंचवीस वर्षे कमी होते. प्रमाणपत्राने एक पैसाही वाचत नाही.

३. छतावर किती सोलर बसेल? त्यात कारखाना चालेल का?

सावली नसलेल्या १०० चौरस फुटांत साधारण १ किलोवॉट बसते आणि कोकणपट्टीत वर्षाला सुमारे १,३०० ते १,४०० युनिट मिळतात. म्हणजे १०,००० चौरस फुटांच्या शेडवर १०० किलोवॉट, वर्षाला सव्वा लाखाहून थोडे जास्त युनिट. तुमचा वापर महिन्याला एक लाख युनिट असेल, तर छताने वर्षाच्या गरजेचा जेमतेम नववा हिस्सा भागतो. कारखाना त्यावर चालत नाही, पण आपल्या भागातली सगळ्यात स्वस्त हरित वीज हीच. तिला वहन आकार म्हणजे तारा वापरण्याचे भाडे नाही, वाटेतली तूट नाही, सरचार्ज नाही.

आता छताबद्दल. टीटीसीतल्या जुन्या शेडवर अजून ॲसबेस्टॉसचे पत्रे आहेत. त्यावर पॅनेल ठोकायला कोणी तयार असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. पत्रा फुटतो, तंतू उडतात, माणूस खाली पडतो. आधी पत्रे बदला आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला घ्या. खाडीकाठची खारी हवा आणि रासायनिक कारखान्यांची धूळ यांमुळे साधी चौकट लवकर गंजते. म्हणून चांगल्या जाडीचे गॅल्व्हनाइज्ड किंवा ॲल्युमिनियमचे सांगाडे आणि स्टेनलेस स्टीलचे नटबोल्ट मागा. उन्हाळ्यात पॅनेल नियमित धुतली नाहीत, तर उत्पादन डोळ्यांदेखत घसरते. जुलै-ऑगस्टमध्ये ते पडतेच. एप्रिलचे आकडे दाखवून कोणी वर्षाचा हिशेब मांडत असेल, तर महिनावार तक्ता मागा.

नेट मीटर, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करणारा मीटर, हवा असेल तर पॅनेलची क्षमता तुमच्या मंजूर भारापेक्षा किंवा काँट्रॅक्ट डिमांडपेक्षा (करारात ठरलेल्या कमाल मागणीपेक्षा) जास्त असून चालत नाही. रविवारी कारखाना बंद असताना जादा वीज ग्रिडमध्ये जाते आणि बिलात वळती होते. कोणत्या वेळेची वीज कोणत्या वेळेच्या वापरातून वजा होणार, हे आपल्या बिलावरच्या वेळनिहाय रकान्यांत तपासा. सध्याच्या दररचनेचा कल दिवसा सवलत आणि संध्याकाळी जादा दर असा आहे. त्यामुळे दुपारचे युनिट रात्रीच्या युनिटाइतके मोलाचे धरू नका.

४. भांडवल नाही. कोणी फुकट पॅनेल बसवून देतं म्हणतात. खरं का?

बसवून देतात, पण फुकट काही नाही. पॅनेल त्यांची, छत तुमचे, आणि तुम्ही त्यांना ठरलेल्या दराने युनिटमागे पैसे द्यायचे. करार १५ ते २५ वर्षांचा असतो. शेड भाड्याची असेल, तर मालकाची लेखी संमती आधी घ्या. एमआयडीसीचा भूखंड पुढे विकला किंवा हस्तांतरित केला तर करार कोणाकडे जाईल, ते कलम वाचल्याशिवाय सही करू नका. करारातल्या इतर अटींसाठी प्रश्न १४ पाहा.

५. लाइट गेली तर सोलरवर मशीन चालेल ना?

साध्या ग्रिड-टाय इन्व्हर्टरवर चालणार नाही. ग्रिड बंद झाले की तो स्वतःही बंद होतो. नाहीतर लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या छतावरची वीज धक्का देईल. वीज गेल्यावरही सोलर चालू राहायला बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर, किंवा जनरेटरशी जुळवून घेणारा नियंत्रक लागतो.

६. महावितरणचा ग्रीन टॅरिफ म्हणजे काय? आमच्यासारख्या छोट्यांना तो चालेल का?

हा सगळ्यात सोपा मार्ग आहे. मीटर बदलत नाही, भागीदारी नाही, लांबचा करार नाही. महावितरणला कळवायचे की माझ्या वापराचा अमुक हिस्सा किंवा पूर्ण वापर हरित हवा. नेहमीच्या दरावर थोडी वाढीव रक्कम लागते आणि त्याचे प्रमाणपत्र मिळते. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २०२१ मध्ये हा दर युनिटला ६६ पैसे ठरवला होता. पुढच्या दर आदेशांत तो बदलू शकतो, म्हणून चालू आदेशातला आकडा धरा. ६६ पैशांनी एक लाख युनिटला ६६,००० रुपये होतात. केंद्राच्या २०२२ च्या नियमांनुसार (प्रश्न ७) ही मागणी निदान एका वर्षासाठी नोंदवावी लागते.

बिल यात वाढते, कमी होत नाही. पण परदेशी ग्राहक ‘तुमची वीज हरित आहे का?’ असे विचारतो आणि वापर महिन्याला वीस-तीस हजार युनिट आहे, अशा वागळे इस्टेटमधल्या छोट्या युनिटला मी आधी हेच सुचवतो.

७. ओपन ॲक्सेसला एक मेगावॉट लागतो ना? आमची डिमांड तेवढी नाही.

पूर्वी लागत असे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ६ जून २०२२ रोजी हरित ऊर्जा ओपन ॲक्सेसचे नियम आणले आणि मर्यादा १०० किलोवॉटवर आणली. कॅप्टिव्ह वापरासाठी तीही नाही. एकाच विद्युत विभागातल्या एकापेक्षा जास्त जोडण्या मिळून १०० किलोवॉट झाले तरी चालते. राज्य आयोगाने २०२३ मध्ये आपल्या ओपन ॲक्सेस विनियमांत दुरुस्ती करून हे धोरण राज्यात आणले.

नियमात बसते म्हणून परवडेलच असे मात्र नाही. खास मीटर, अर्ज, सल्लागार, महिनोमहिन्याचा हिशेब यांचा खर्च १०० किलोवॉटवाल्यालाही जवळपास तेवढाच पडतो जेवढा दोन मेगावॉटवाल्याला. माझ्या अनुभवात ५०० किलोवॉटखाली गणित क्वचितच जुळते.

८. दलाल म्हणतो युनिट साडेतीन रुपयांना. मग बिल निम्म्यावर का येत नाही?

कारण साडेतीन रुपये हा प्लांटच्या फाटकावरचा दर आहे. तिथून तुमच्या मीटरपर्यंत त्यात भर पडत जाते.

पहिली भर तुटीची. समजा, पारेषण आणि वितरणातली मिळून तूट १० टक्के धरली. मीटरवर एक लाख युनिट हवेत तर प्लांटकडून १,११,१११ युनिट घ्यावे लागतील. साडेतीनच्या भावाने ३,८८,८८९ रुपये, म्हणजे एकही आकार लागण्याआधीच युनिट ३ रुपये ८९ पैशांना पडले. त्यावर पारेषण आकार, वहन आकार, क्रॉस सबसिडी सरचार्ज (इतर ग्राहकांच्या स्वस्त विजेचा भार उचलण्यासाठीचा), अतिरिक्त सरचार्ज (तुम्ही बाहेरून वीज घेतल्याने महावितरणवर पडणाऱ्या स्थिर खर्चापोटीचा) आणि विद्युत शुल्क. वहन आकार दाबाच्या पातळीनुसार बदलतो. ११ किंवा २२ केव्हीवरच्या कारखान्याला तो जास्त लागतो, अतिउच्चदाबावरच्याला लागत नाही.

दुसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. तुमची काँट्रॅक्ट डिमांड महावितरणकडे कायम राहते, म्हणून मागणी आकारही कायम राहतो. सूर्य मावळल्यावर वीज त्यांच्याकडूनच घ्यायची असते ना! तेव्हा बचत मोजताना पूर्ण बिलाला युनिटांनी भागून आलेला सरासरी दर वापरू नका. फक्त जे युनिट बदलले जाणार त्यांचा ऊर्जा आकार आणि वहन आकार धरा. दलालाचा तक्ता आणि खरी बचत यांतला फरक बहुतेक वेळा इथेच सापडतो.

९. ग्रुप कॅप्टिव्ह म्हणजे नेमकं काय? २६ आणि ५१ टक्के कशाचे?

वीज कायदा २००३ स्वतःसाठी वीज निर्माण करायला मोकळीक देतो. ‘स्वतःसाठी’ म्हणजे काय, हे २००५ च्या वीज नियमांतला नियम ३ सांगतो. वापरणाऱ्यांनी मिळून प्रकल्प कंपनीतले मतदानाच्या हक्काचे किमान २६ टक्के भागभांडवल धरायचे आणि वर्षभरातल्या निर्मितीपैकी किमान ५१ टक्के वीज स्वतः वापरायची. दोन्ही अटी पाळल्या तर क्रॉस सबसिडी सरचार्ज लागत नाही. अतिरिक्त सरचार्जचा वाद आपल्या महावितरणच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १० डिसेंबर २०२१ रोजी निकाल लागला की कॅप्टिव्ह वापरकर्त्यांना तो लागू नाही. दोन्ही सरचार्ज वाचतात म्हणून उद्योगांचा ओढा इकडे आहे.

उदाहरण घेऊ. प्रकल्प वर्षाला दीड कोटी युनिट काढतो. त्याचे ५१ टक्के म्हणजे साडेशहात्तर लाख युनिट भागीदारांनी मिळून वापरायलाच हवेत. भागीदार तीन असतील आणि त्यांचे आपसातले हिस्से ५०, ३०, २० असतील, तर वापरही साधारण त्याच प्रमाणात हवा, दहा टक्के इकडेतिकडे चालते. खास या कामासाठी काढलेल्या कंपनीलाही हा प्रमाणाचा नियम लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये स्पष्ट केले. एकाने नाममात्र शेअर घ्यायचा आणि बहुतेक वीज ओढायची, ही वाट त्याने बंद झाली.

हिशेब आर्थिक वर्षाचा असतो आणि चुकला तर पूर्ण वर्षाचा चुकतो. तुर्भ्यातल्या एका गटाचे काम मी पाहत होतो. ऑक्टोबरमध्ये एका भागीदाराने आपली एक लाइन पुणे जिल्ह्यात हलवली, वापर घसरला. मी आकडे मार्चअखेरीलाच तपासले. तेव्हा सावरायला वेळच नव्हता. कॅप्टिव्ह दर्जा गेला आणि ज्यांची काही चूक नव्हती त्या दोघांनाही वर्षभराचा सरचार्ज भरावा लागला. तेव्हापासून मी प्रत्येक गटात दर तिमाहीला वापराचा तक्ता मांडतो आणि एकामुळे दर्जा गेला तर भरपाई कोणी करायची, हे भागधारक करारात आधीच लिहून घेतो. तुम्हीही घ्या.

१०. पावसाळ्यात आणि रात्री काय? बँकिंगने भागतं का?

थोडे भागते. दुपारी वापरापेक्षा जास्त आलेली वीज महावितरणकडे ‘बँकेत’ ठेवता येते, पण खाते महिन्याचे असते. केंद्राच्या नियमांत बँकिंगची मुभा तुम्ही वितरण कंपनीकडून घेता त्या महिन्याच्या एकूण विजेच्या निदान ३० टक्क्यांपर्यंत आहे. बँकिंगचा आकार युनिटांतच कापला जातो. महिनाअखेरीस न वापरलेली वीज बुडते, तिच्या बदल्यात प्रकल्पाला आरईसी, म्हणजे हरित विजेची प्रमाणपत्रे (प्रश्न १३), मिळतात. एप्रिलचे ऊन जुलैसाठी साठवून ठेवता येत नाही.

म्हणून नुसत्या सौरऐवजी सौर-पवन मिश्रण पाहा. साताऱ्याच्या चाळकेवाडीचे पठार किंवा धुळ्याच्या साक्री भागातल्या पवनचक्क्या जून ते सप्टेंबर जोरात फिरतात, नेमक्या जेव्हा सौर थकलेले असते. रात्रीही वारा असतो. तीन पाळ्यांत चालणारे कारखाने आणि ऐरोली–रबाळे–महापे भागातली डेटा सेंटर्स यांना हे मिश्रण, जोडीला साठवणूक, हाच वाजवी मार्ग आहे. निव्वळ सौर करारावर ‘शंभर टक्के हरित’ म्हणणारे डेटा सेंटर वर्षाचा हिशेब जुळवत असते, मध्यरात्रीचा नव्हे.

११. आमचं ऑफिस ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये भाड्याने आहे. बिल पार्कवालेच देतात. आम्ही काय करायचं?

आधी बिल कोणाच्या नावाचे आहे ते पाहा. ऐरोलीतल्या काही सेझमध्ये विकासक स्वतःच वितरण परवानाधारक मानला जातो. त्यांचे दरही आयोगच ठरवतो. तिथे तुमच्या नावाचे मीटर असेल तर तुम्ही त्या परवानाधारकाचे ग्राहक आहात आणि हरित विजेची मागणी थेट त्याच्याकडे करायची.

बाहेरच्या पार्कात मूळ जोडणी मालकाची असेल, तर ओपन ॲक्सेस किंवा ग्रीन टॅरिफचा अर्ज तोच करू शकतो. भाडेकरार नूतनीकरणाच्या वेळी अट घाला: पार्कने घेतलेल्या हरित विजेतला आपल्या वापराइतका वाटा लेखी आपल्या नावे द्यायचा आणि तो दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही. मालक काहीच करत नसेल तर उरतो प्रश्न १३ मधला मार्ग.

१२. आमचं युनिट शीळ-मुंब्र्याला, बिल टोरंटचं येतं. आम्हाला वेगळे नियम आहेत का?

नाहीत. मुंब्रा-शीळ-कळवा भागात २०२० पासून टोरंट ही महावितरणची फ्रँचायझी आहे. भिवंडीत त्याच्याही आधीपासून तसेच. परवाना महावितरणचाच आहे आणि दर आयोगाने महावितरणसाठी ठरवलेलेच लागतात. मीटर तपासणी आणि जोडणीच्या कामात फ्रँचायझी मध्ये येते, म्हणून पत्रव्यवहाराची एक प्रत तिकडेही द्या.

१३. आरईसी घेतल्या की आम्ही हरित झालो का? आणि आय-आरईसी वेगळी असते का?

एक आरईसी म्हणजे १,००० युनिट हरित विजेचा दाखला. वीज एकीकडे विकली जाते, तिचा हरितपणा दुसरीकडे. भारतात हे २०१० च्या विनियमांनी सुरू झाले आणि वीज बाजारांतून त्यांची खरेदी-विक्री होते. डिसेंबर २०२२ पासून किमान व कमाल किमतीची बंधने गेली आणि विकली जाईपर्यंत प्रमाणपत्राची मुदतही संपत नाही. एक लाख युनिटसाठी १०० आरईसी लागतात. आय-आरईसी ही ऐच्छिक, आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. परदेशी मुख्य कार्यालये ती ओळखतात, पण इथल्या कायदेशीर बंधनासाठी ती चालत नाही.

हरितगृह वायूंच्या हिशेबात विकत घेतलेल्या विजेचा जो भाग असतो, म्हणजे स्कोप २, त्यात दोन आकडे द्यायचे असतात. एक ग्रिडच्या सरासरीवरचा, दुसरा तुमच्या करारांवरचा. आपल्या ग्रिडची सरासरी दर युनिटला साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड आहे, म्हणजे लाख युनिटला ७० टन. प्रमाणपत्राने दुसरा आकडा खाली येतो, पहिला जागचा हलत नाही. अहवालात दोन्ही छापा.

सगळ्यात जास्त चूक इथे होते: छतावरच्या किंवा ओपन ॲक्सेसच्या प्रकल्पाची प्रमाणपत्रे प्रकल्पवाला बाजारात विकतो आणि तीच वीज कारखाना ‘आमची हरित वीज’ म्हणून मिरवतो. दोघांपैकी एकाचा दावा खोटा ठरतो, आणि तो कारखान्याचा. करारात ‘हरित गुणधर्म ग्राहकाचे राहतील’ हे वाक्य नसेल तर घालून घ्या.

१४. लांबच्या करारात काय पाहायचं? मध्येच कारखाना हलवला तर?

कायदा बदलला आणि नवा आकार लागला तर तो कोणी सोसायचा? माझ्या मते हे पहिले कलम. सरचार्ज आणि बँकिंगचे नियम दहा वर्षांत अनेकदा बदलतात. मग किमान उचलीची अट: वापर घसरला तरी पैसे द्यावे लागतील का? प्रकल्पाने कबूल केलेली वीज दिली नाही तर भरपाई किती? वेळापत्रकापेक्षा कमी-जास्त निर्मितीचा दंड प्रकल्पवाल्याकडेच राहावा. कारखाना हलवला तर त्याच वितरण क्षेत्रात नव्या जोडणीवर करार नेता येतो का, आणि शेअर परत कोण घेणार, हेही लिहून घ्या. मी १० वर्षांहून लांब बांधिलकी सहसा सुचवत नाही. दर घसरत आल्याचे आपण पाहिले आहे.

१५. अर्ज कुठे करायचा? किती दिवस लागतात?

हरित ओपन ॲक्सेसचा अर्ज केंद्राच्या ग्रीन ओपन ॲक्सेस रजिस्ट्री पोर्टलवरून होतो आणि तिथून संबंधित नोडल संस्थेकडे, म्हणजे हे काम सोपवलेल्या संस्थेकडे, जातो. नियमात १५ दिवसांची मुदत आहे, तोवर उत्तर नाही तर मंजूर धरायचे. कागदावर हे बरे वाटते. प्रत्यक्षात मीटर बदलणे, त्याची चाचणी आणि जुनी थकबाकी किंवा बिलाचा वाद मिटवणे यांत महिने जातात. जोडणीवर एखादा वाद असेल तर तो आधी निकाली काढा, अर्ज नंतर.

१६. आम्हाला हरित विजेचं बंधन आहे का, की सगळं ऐच्छिक?

फक्त महावितरणची वीज घेत असाल तर बंधन त्यांच्यावर. पण कॅप्टिव्ह किंवा ओपन ॲक्सेसने वीज घेणारे ‘नियुक्त ग्राहक’ (ऊर्जा संवर्धन कायद्याखाली केंद्राने नेमून दिलेले मोठे वापरकर्ते) असतील, तर त्या विजेपुरते बंधन त्यांच्यावरही येते. केंद्राच्या ऑक्टोबर २०२३ च्या अधिसूचनेत २०२४-२५ साठी २९.९१ टक्क्यांपासून २०२९-३० साठी ४३.३३ टक्क्यांपर्यंत चढता क्रम आहे. राज्यातली नोडल संस्था महाऊर्जा. कोळशावरचा किंवा गॅसवरचा कॅप्टिव्ह संच चालवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

१७. आमची सोसायटी आहे, शेजारी शाळा आणि ट्रस्टचं रुग्णालय. यातलं आम्हाला काय लागू?

सोसायटीच्या लिफ्ट, पंप, जिन्यातल्या दिव्यांच्या सामायिक मीटरसाठी पीएम सूर्यघर योजनेत किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान आहे, मर्यादा ५०० किलोवॉट, घरामागे ३ किलोवॉटच्या हिशेबाने. शाळा आणि रुग्णालयाला हे अनुदान नाही. त्यांना छत आणि ग्रीन टॅरिफ हे दोन मार्ग पुरतात. शाळेचे एक बरे, वर्ग भरतात ते उन्हाच्याच वेळी. मे महिन्याच्या सुट्टीत मात्र वीज ग्रिडकडे जाते, म्हणून तिथे नेट मीटर हवेच.

१८. खोपोली-भिवपुरीच्या जुन्या जलविद्युत केंद्रांची वीज हरित धरतात का?

धूर नाही, कोळसा नाही, त्या अर्थाने नक्कीच. खोपोलीचे केंद्र १९१५ पासून सह्याद्रीच्या पाण्यावर मुंबईला वीज देत आले आहे. आपल्या भागातली ही सगळ्यात जुनी हरित वीज, आणि मला तिचा अभिमान वाटतो. पण तुमची कंपनी आरई१०० सारख्या, शंभर टक्के हरित वीज वापरण्याच्या जागतिक बांधिलकीत असेल, तर तिथे २०२४ पासून १५ वर्षांहून जुन्या प्रकल्पांची वीज, थोडा अपवाद सोडला तर, मोजत नाहीत. हेतू असा की तुमच्या पैशाने नवा प्रकल्प उभा राहावा. तेव्हा प्रमाणपत्र घेताना प्रकल्प सुरू झाल्याचे वर्ष त्यावर पाहा आणि मुख्य कार्यालयाला तेच कळवा.